पारूबाईचं प्रभुभोजन

दहिवली, कर्जत
१७ नोव्हेंबर २०२४

रेव्हरंड संतोष यांस,
ख्रिस्तात सलाम.

घाबरू नकोस, हे देवळातल्या मंडळीचं पत्र नाही. वेदीपुढे उभं राहून जर्मनमध्ये वाचून दाखवायचं नाही. तुझ्या सख्ख्या बहिणीने तुला लिहिलंय, तेव्हा खोलीचं दार लाव आणि एकट्याने वाच. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून काल तिकिटं घ्यायला पोस्टाची पायरी चढले. काउंटरवरच्या बाईने पत्ता घातलेलं रिकामं पाकीट उलटंसुलटं करून विचारलं, "जर्मनीला कोन हाय तुमचं?" म्हटलं, भाऊ. "मंग फोन का नाय करत?" आता तिला काय सांगणार!

आईच्या पोटातली गाठ वाईट निघाली. आधी खोपोलीला दाखवलं, मग पनवेलला. तिथल्या डॉक्टरांनी कागद चाळले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, तीन महिने धरून चाला. आईला मी सगळं सांगितलेलं नाही, पण ती काही दूधखुळी नाही. येताना रिक्षात म्हणाली, "खायला घाला म्हनला ना? मंग वालाचं बिरडं कर."

तू दर रविवारी शेजारच्या हमिदाच्या फोनवर आईशी बोलतोस. हमिदा फोन घेऊन आली की मी स्वयंपाकघरात जाते आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासते. तुझा आवाज मला ऐकू येतो. मागच्या रविवारी तू तिला सांगितलंस, पासपोर्ट तिथल्या कचेरीत अडकलाय, राहण्याचा परवाना नवा होईपर्यंत देश सोडता येत नाही, ईस्टरपर्यंत होईल. ईस्टर एप्रिलात आहे, संतोष. तीन महिने फेब्रुवारीत संपतात. माझ्या बालवाडीतली पोरंसुद्धा हे बोटांवर मोजतील.

तू माझ्यावर का रागावलास ते मला ठाऊक आहे, आणि चूक माझी होती हेही लिहून देते. तुला पाठवलं ते तीन वर्षांसाठी. तिकडे हायडेनरोडेच्या देवळात चाळीस म्हातारी माणसं उरली होती आणि तिथे यायला पाळक तयार होत नव्हता. आपली बालवाडी त्यांनी उभी केली, खालापूरच्या वाडीवरची विहीर त्यांनी बांधून दिली. म्हणून वाडीवरचे जैतूकाका मंडळीच्या सभेत उठले आणि म्हणाले, "इतकी वर्सं त्यांनी दिलं. आपल्यापाशी देन्याजोगा येकच मानूस हाय, तो देऊ." सगळ्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवले, आईनेही ठेवला. ते २०१९ साल होतं. तीन वर्षं झाली, तू परत येईनास, तेव्हा मी रागाच्या भरात त्यांच्या कमिटीला लिहिलं की माझा भाऊ परत पाठवा, त्याने शब्द दिला होता, त्याची आई वाट बघते. लिहिताना माझ्या डोक्यात आलंच नाही की दोन मंडळ्यांच्या भागीदारीच्या रिवाजाप्रमाणे इकडचं पत्र इकडच्या भाषेत जातं, रविवारच्या उपासनेत सगळ्यांपुढे वाचलं जातं, आणि तिथे मराठी वाचणारा तू एकटाच. तुझी कागाळी तुलाच उभं राहून वाचावी लागली. पोरखेळ झाला खरा, आणि मी त्याची माफी मागते.

पण आता माझ्यावरचा राग बाजूला ठेव. कसंही करून ये.

तुझी ताई,
श्रद्धा

*

दहिवली
८ डिसेंबर २०२४

प्रिय संतोष,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असेल, कारण रविवारच्या फोनवर तू आईला दोनदा विचारलंस, "जेवतेस ना?" एरवी तू एकदाच विचारतोस.

आज एक गोष्ट कळली, ती तुला कळवल्याशिवाय राहवत नाही. आज ठाण्याचे पाळक आले होते. दर दोन महिन्यांनी येतात, प्रभुभोजन देतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात. आई देवळात येऊ शकली नाही, म्हणून उपासनेनंतर ते भाकर आणि द्राक्षारस घेऊन घरी आले. आईने त्यांना चहा दिला, सलाम केला आणि म्हणाली, "मला नको, पाळकसाहेब." ते म्हणाले, आजी, आजाऱ्यासाठीच तर आणलंय. तर बाईसाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं!

ते गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. तेव्हा बोलली. तू गेलास त्या दिवसापासून तिने प्रभुभोजन घेतलेलंच नाही. सहा वर्षं होत आली. भाकर तीच भाजायची, कडावच्या तांदळाची, मनुका उकळून रसही तीच करायची, आणि सगळी मंडळी पुढे जाऊन गुडघे टेकायची तेव्हा ही बाकावर बसून राहायची. आम्हाला वाटायचं, गुडघे दुखतात. "मी बोलले हुते देवाला," म्हणाली. "माझं पोर नीट परत आन, मंग त्याच्याच हातचं घेईन. तवर घ्यायची नाय."

म्हणजे नवस! ल्यूथरन पाळकाच्या आईने नवस केला. तू वेदीवरून तासतासभर सांगायचास की देवाशी सौदा करू नका, तो न मागता देतो, आणि पहिल्या बाकावर मान डोलावत बसलेल्या तुझ्या आईने घरी येऊन सौदा केला. मला आधी हसूच आलं. मग तिच्या पायाला तेल लावायला बसले. पाय काटकीसारखे झालेत. हसू कुठे गेलं कळलं नाही.

तिला मरणाची भीती नाही. तिला भीती आहे ती भोजन न घेता जाण्याची. रोज विचारते, "त्याला कागद मिळाला का?" दुसऱ्याच्या हातचं घे म्हटलं तर म्हणते, देवाला दिलेला शब्द मोडून घेतलेलं पोटात राहायचं नाही.

म्हणून आता मुद्द्यावर येते. फोनवरून दे. लॉकडाऊनमध्ये दोन्ही मंडळ्या पडद्यावर एकत्र बसायच्या, आणि तिकडच्यांनी विचारलं होतं की आम्ही घरी भाकर घेऊन बसतो, पाळकाने फोनवरून आशीर्वाद द्यावा. तूच नाही म्हणालास. तूच ठराव लिहिलास, दोन्हीकडे मंजूर झाला, आपल्या देवळातल्या कपाटाच्या आत अजून चिकटवलेला आहे: भाकर देणारा हात समोर असला पाहिजे. असेल बाबा, शास्त्राला धरून असेल. पण तूच केलेला नियम आहे. आईपुरता एकदा मोड. जैतूकाकांना विचारलं, तर म्हणाले, "त्याचा नियम, त्यानंच मोडावा. आमी डोळं मिटून घिऊ."

ताई

*

दहिवली
१२ जानेवारी २०२५

संतोष,

जैतूकाकांना पाठवलेला तुझा निरोप त्यांनी मला वाचायला दिला. त्यांना अक्षरं बारीक दिसतात म्हणे. खरं तर त्यांना मोठ्याने वाचवलं नसतं. "आपल्या आईसाठी नियम मोडला, तर इथल्या ज्या म्हाताऱ्यांना मी नाही म्हणालो आणि जे भोजनाविना गेले, त्यांच्या मुलांना काय तोंड दाखवू?" असं लिहिलंयस. नऊ जण गेले त्या काळात, तेही लिहिलंयस. मी ते तीन वेळा वाचलं. तुझं बरोबर होतं, म्हणून आणखीच चीड आली.

निरोप आला त्याच रविवारी तू फोन केलास, तेव्हा आईने सरळ विचारलं, "भोजन देतोस का?" तू म्हणालास, आई, तसं नाही होत, तू कशी आहेस ते सांग. ती म्हणाली, "मंग गप्पा कशाला मारायच्या? ठेव," आणि फोन हमिदाच्या हातात दिला. पुढच्या रविवारी हमिदा आली, तर आईने हातानेच नको म्हटलं. आता तू फोनच करत नाहीस. दोघंही एकाच मातीची. मध्ये माझं भरीत होतंय.

आता दुसरी गोष्ट. हायडेनरोडेच्या एल्केबाईंचं नाताळचं कार्ड आलं, थेट माझ्या नावाने. भागीदारी कमिटीच्या त्या अध्यक्ष, एरवी त्यांची पत्रं तू मराठी करून पाठवतोस. या वेळी तुला त्रास नको म्हणून त्यांनी मोबाइलकडून मराठी करून घेतली आणि एकेक अक्षर हाताने गिरवलं. "प्रिय बहीण श्रद्धा, आमचे चर्च तुला विसरत नाही. तीन वर्षांपूर्वी तू पत्र केले की भाऊ अजून ठेवा, आई आनंदी आहे, आम्ही तेव्हा रडलो."

मी कार्ड घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि दूध उतू गेलं.

म्हणजे ते पत्र तू वाचलंच नाहीस. तिथे उभा राहिलास, माझा कागद हातात धरलास आणि भलतंच बोललास. मी परत पाठवा लिहिलं होतं, तू अजून ठेवा म्हणून सांगितलंस. आणि तीन वर्षं मी समजत होते की मी तुझी चारचौघांत शोभा केली, म्हणून तू अबोला धरलास. अरे, मी तर तुझी माफी मागत बसले होते! तुला तिकडे राहायचं होतं. एवढं एक वाक्य होतं. मला सांगितलं असतंस तर चार दिवस आदळआपट केली असती आणि गप्प बसले असते.

एल्केबाईंना खरं कळवायला मी कागद काढला होता. तेवढ्यात कार्डाच्या मागची बाजू दिसली. तिथे लिहिलं होतं की त्यांचे यजमान ऑक्टोबरात गेले, शेवटच्या अकरा रात्री तू त्यांच्या उशाशी बसलास, आणि तुझ्यासारखा मुलगा दिल्याबद्दल तुझ्या आईला त्यांचा नमस्कार सांगावा. मी कागद परत ठेवून दिला. नमस्कार आईला सांगितला. "कुनाच्या उशाशी?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं त्यानं."

पासपोर्ट खरंच कचेरीत आहे ना? हे विचारावं लागतंय याची मला लाज वाटते.

श्रद्धा

*

दहिवली
२ फेब्रुवारी २०२५

संतोष,

आई आता पाणीच घेते. बघते, पण दिसत नाही, आवाजावरून ओळखते. दाराशी पाऊल वाजलं की विचारते, "कोन? संतोष?" आज जैतूकाका पाच मैल चालून, मग टेंपो पकडून वाडीवरून आले, तर त्यांनाही तेच. ते तिच्या हाताला हात लावून म्हणाले, "मी जैतू हाय गं, पारूबाय." मग बाहेर येऊन अंगणात बसले आणि लहान पोरासारखे रडले. "मीच बोललो हुतो, त्याला देऊ," म्हणाले. "माजंच तोंड."

हे पत्र तुला मिळेपर्यंत काय होईल देव जाणे. तरी लिहिते, कारण दुसरं काही माझ्या हातात नाही. एल्केबाईंच्या कार्डावरच्या नंबरवरही फोन लावला. त्यांना माझं कळेना, मला त्यांचं कळेना. तुझं नाव मात्र दोघी पुन्हा पुन्हा घेत राहिलो. मोबाइलकडून जर्मन करून तीन निरोप पाठवले. त्यांनी हात जोडल्याचं आणि मेणबत्तीचं चित्र पाठवलं.

फोन कर. नियम मोड. मागचं सगळं मी सोडून दिलं.

ताई

*

दहिवली
१ मार्च २०२५

प्रिय संतोष,

आईला जाऊन दहा दिवस झाले. माती नीट झाली. वाडीवरची माणसं दोन टेंपो भरून आली, ठाण्याच्या पाळकांनी विधी केला, हमिदाच्या घरून सगळ्यांना जेवण आलं. हे तुला जैतूकाकांनी कळवलंच असेल.

बुधवारी सकाळी दहाला तू हमिदाच्या फोनवर फोन केलास. माझं पत्र तेव्हाच पोचलं असावं. आई आठला गेली होती. हमिदाने फोन माझ्या हातात दिला. तू म्हणालास, "आई, ऐक, मी देतो, भाकर आणायला सांग." मी म्हटलं, गेली रे. तीन वर्षांनी तुझ्याशी बोलले ते हे दोन शब्द. तू खूप रडलास. मग विचारलंस, "ताई, तिने भोजन घेतलं का गं?" मी हो म्हटलं. कुणाच्या हातचं, हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आज सांगते.

आदल्या रविवारी, सोळा तारखेला, दुपारी ती एकदम शुद्धीवर आली. असं होतं म्हणतात शेवटी. म्हणाली, "आज रईवार हाय. त्याला इचार, देतो का." तुझा नंबर मला बंद. हमिदाच्या फोनवरून लावला, तर वाजून वाजून थांबला. तुमची उपासनेची वेळ असेल. आई वाट बघत होती. हात जोडलेलेच होते तिचे.

मग मला ते आठवलं. सप्टेंबरातल्या भागीदारी रविवारच्या तुमच्या देवळातल्या उपासनेचा व्हिडिओ एल्केबाईंनी ग्रुपवर टाकला होता. त्यात तू भोजनाची प्रार्थना म्हणतोस, भाकर उचलतोस. सगळं जर्मनमध्ये. मराठीत शोधलं, नाही सापडलं. दहा वर्षं तू आपल्या वेदीवर उभा होतास आणि तुझा आवाज साठवून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. तू इथेच असणार असं वाटायचं ना.

तुझा फोन यायचा तो हमिदाचाच, म्हणून तिच्याकडे तो मागितला आणि सांगितलं काय करणार आहे ते. ती म्हणाली, "मरनाऱ्याशी खोटं बोलू नको गं, श्रद्धा." तरी तिने फोन दिला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मी तांदळाची भाकर भाजली, वाटीत रस घेतला. आईला म्हटलं, संतोषचा फोन आहे, तो देतोय. आणि तो व्हिडिओ लावला.

तुझा आवाज आला आणि आईचा चेहरा असा झाला, संतोष, की तो मी तुला लिहून सांगू शकत नाही. तू म्हणत होतास, ती ऐकत होती. तू थांबलास तिथे मी तिच्या जिभेवर भाकरीचा कण ठेवला. पुन्हा थांबलास तेव्हा चमच्याने रस दिला. सहा वर्षांनी. तिने दोन्ही गिळलं, आमेन म्हणाली, डोळ्यांतून पाणी आलं. मी फोन बंद केला आणि देवाला म्हटलं, पाप असेल तर माझ्या माथी.

मग ती हळूच म्हणाली, "त्यांच्या बोलीत बोलला गं."

मी म्हटलं, तिथली माणसं समोर होती ना, म्हणून.

"तसं न्हवं. मानसांशी बोलावं की कुनाच्या बी बोलीत. देवाशी मानूस आपल्या बोलीत बोलतो." जरा दम घेतला. "देवाशी बी तिकडचं बोलाया लागला. मंग तो तिकडचाच झाला. त्याला सांग, कागद मिळाला तरी येऊ नको म्हनावं. उगा कशाला हाल."

ती रागाने बोलली नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. पोरगी सासरी नांदायला लागल्यावर आया बोलतात तशी बोलली, आणि कूस बदलून पडून राहिली. तुझं नाव त्यानंतर तिने काढलं नाही. दाराशी पाऊल वाजलं तरी विचारलं नाही. मंगळवारी जैतूकाका आले, तर म्हणाली, "कोन, जैतू?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं. आई, ते जुनं होतं, दुसऱ्यांसाठी म्हटलेलं होतं, तुझ्या पोराला आपली बोली येते, तुझ्यासाठी म्हटलं असतं तर मराठीतच म्हटलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर भोजन खोटं झालं असतं. तिच्या तोंडात नुसती भाकर राहिली असती, आणि दुसऱ्यांदा मागायला तिच्यात जीव नव्हता. रविवार दुपारपासून बुधवार सकाळपर्यंत मी तिच्या उशाशी बसून हाच विचार केला. तुला तिच्यापाशी परत आणावं की भोजन तिच्यापाशी राहू द्यावं? दोन्ही देता येत नव्हतं. तू माझं पत्र खोटं वाचलंस त्याचा मी बदला घेतला असं समजू नकोस. तुझी आठवणसुद्धा नव्हती मला त्या वेळी, फक्त तिचे जोडलेले हात दिसत होते.

ते भोजन लागू झालं की नाही, हे तू शिकलेला आहेस, तुला कळेल. मला कळवू नकोस. तिच्यापुरतं ते खरं होतं आणि ते मी खरंच राहू दिलं. त्यापायी तुझी आई तू तिकडचा झालास असं समजून गेली. तिचा निरोप होता, येऊ नकोस. तो मी पोचवला.

तुझी ताई,
श्रद्धा